अक्षयनीवी आणि गावची शाळा
शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वसलेले आहे. गणपतीच्या जुन्या देवस्थानामुळे त्याचे नाव दूरवर परिचित आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय देवस्थान नाही. या गावाच्या आणि त्याच्या पंचक्रोशीसारख्या शेकडो वाड्यावस्त्यांच्या शाळा हा आहे. दसरा-दिवाळीचा सुमार आला की या पट्ट्यातील कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' असे म्हणतात. कोयत्यामागे लेकरेही जातात. शाळेच्या हजेरीपटावर नावे राहतात, बाके मात्र रिकामी होतात. आणि नेमक्या याच काळात, बाकावर किती मुले आहेत हे मोजून शाळा ठेवावी की बंद करावी असा विचार राज्यात सुरू होतो, ही आपल्या काळाची मोठी विसंगती होय.

गेल्या दशकात हा विचार एकदा नव्हे, अनेकदा झाला. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटसंख्येच्या १,३१४ शाळा बंद करून तेथील मुलांचे अन्यत्र समायोजन करण्याचा निर्णय घेण्यात आला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागविण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा १४ हजारांहून अधिक शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याविषयी प्रस्ताव मागविले गेले. या शाळांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने वरच्या प्राथमिक वर्गांचा पट वीसच्या आत असेल तेथे शिक्षकाचे पदच नाकारले जाण्याचा प्रसंग आणला. शब्द प्रत्येक वेळी निराळे होते: समायोजन, समूह, गुणवत्ता, सुसूत्रीकरण. आशय मात्र एकच होता. लहान गावाच्या मुलावर होणारा खर्च शासनाला जड वाटू लागला आहे.

हा प्रश्न केवळ प्रशासनाचा आहे असे मानण्याची चूक आपण करू नये. या भूमीत सार्वजनिक द्रव्य कोणासाठी खर्च व्हावे, या वादाचा इतिहास फार जुना आहे. तो लक्षात घेतल्याशिवाय आजच्या लोकप्रतिनिधींपुढे काय मागावे हेही नीट उमगणार नाही.

पालि वाङ्मयातील राजनीती

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित नावाच्या राजाची कथा येते. राजाला महायज्ञ करावयाचा आहे. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की राज्यात चोर-लुटारूंचा उपद्रव आहे. अशा स्थितीत नवा कर बसविणे हा अधर्म ठरेल, आणि लोकांना मारून, बांधून किंवा हद्दपार करून हा उपद्रव समूळ जाणार नाही. उपाय एकच आहे. शेती आणि पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवा करणाऱ्यांना अन्न व वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले म्हणजे राज्य शांत होईल आणि राजाचा कोशही वाढेल. येथे खर्च आणि उत्पन्न यांचा संबंध कसा जोडला आहे तो पाहण्यासारखा आहे. प्रजेच्या उभारणीवर केलेला खर्च कोशाला रिता करीत नाही, तो कोश भरण्याचा मार्ग आहे.

याच निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त याची दुसरी बाजू दाखविते. तेथील राजा प्रजेचे रक्षण करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. तेवढ्या एका उणिवेतून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य, आणि अखेर माणसांचे आयुर्मान घटत जाते. ज्या राज्याने प्रारंभी थोडे द्रव्य वाचविले, त्याला पुढे दंडाच्या यंत्रणेवर सारे गमवावे लागले, हा या कथेचा बोध आहे. या दोन्ही सुत्तांत आजच्या अर्थाची शाळा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्राचीन वचनांत आधुनिक संस्था शोधण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. परंतु वंचिताला उभे करण्याची जबाबदारी राज्याची आहे आणि ती टाळण्याची किंमत पुढे सर्वांनाच मोजावी लागते, हे तत्त्व त्यांत निःसंदिग्धपणे आलेले आहे.

दुसरा पुरावा शिलेवरचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, केवळ व्याज भोगावयाचे, अशी अट लेखात स्पष्ट आहे. २,००० कार्षापणांच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. हिशेब करून पाहिला तर वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस जणांचे बाराप्रमाणे २४० च होतात. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही. ही व्यवस्था निगमसभेत जाहीर करून नोंदविली गेली. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. नीवी म्हणजे मुद्दल. जी क्षय पावू नये ती अक्षयनीवी.

हे दान चीवरासाठी होते, विद्यालयासाठी नव्हते. परंतु विहार हीच त्या काळची विद्येची घरे होती आणि ती अशाच कायम तरतुदींवर उभी होती. नालंदेकडे दोनशेहून अधिक गावांचे उत्पन्न होते असे इ-त्सिंग सांगतो. अन्नवस्त्राची चिंता उरली नाही म्हणूनच तेथे अध्ययन शक्य झाले. विद्येची तरतूद दरवर्षी नव्याने कुणाच्या मर्जीवर ठेवावयाची नसते, ती अगोदर निश्चित करून लोकांसमोर जाहीर करावयाची असते, हा या लेखांचा धडा आहे.

कोणाच्या पैशाने कोणाचे शिक्षण?

इंग्रजी अमलात शिक्षण हे राज्याचे काम म्हणून मान्य झाले, परंतु कोणाचे शिक्षण हा प्रश्न तसाच राहिला. १८५६ साली धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. शाळा सरकारी, पैसा सार्वजनिक, पण दार बंद. १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढणाऱ्या महात्मा जोतीराव फुल्यांनी या व्यवस्थेचे मर्म ओळखले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी जो मुद्दा मांडला तो मूलतः अर्थसंकल्पाचा मुद्दा होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी आयोगाच्या नजरेस आणले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

जोतीराव तत्त्व सांगून थांबले नाहीत, ते तपशिलात गेले. प्रशिक्षित शिक्षकास दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावे, मोठ्या गावी ते १५ किंवा २० रुपये असावे, असे त्यांनी सुचविले. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेती, नीती आणि आरोग्य यांचा अभ्यासक्रमही त्यांनी मांडला. शिक्षकाला पोटभर वेतन न देता शिक्षण सुधारू पाहणे व्यर्थ आहे, हे त्यांना ठाऊक होते. २००० साली महाराष्ट्रात 'शिक्षणसेवक' योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर राबविण्यात आले. तेव्हा जोतीरावांच्या निवेदनाचे हे पान कोणी उघडून पाहिले असते तर बरे झाले असते.

हंटर आयोगाने सक्तीची सूचना स्वीकारली नाही. तिची अंमलबजावणी संस्थानांत झाली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण आणले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते मोफत व सक्तीचे केले. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. जे लहान संस्थानांना परवडले ते साम्राज्याला परवडले नाही! यावरून एक गोष्ट सिद्ध होते. शिक्षणाला पैसा नाही या वाक्याचा अर्थ बहुधा शिक्षणाला अग्रक्रम नाही असाच असतो.

१२ मार्च १९२७

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान मुंबई कायदे कौन्सिलमध्ये लिहिले गेले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ च्या फेब्रुवारीत सभासद म्हणून कौन्सिलात बसू लागले होते. १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठच दिवसांनी झाला. तळ्याचे पाणी आणि शाळेचे अनुदान या एकाच लढ्याच्या दोन आघाड्या होत्या, हे या तारखांवरून ध्यानात यावे.

बाबासाहेबांच्या भाषणातील युक्तिवाद आकड्यांचा आहे. शिक्षणाची गती अशीच राहिली तर शालेय वयाचे सर्व मुलगे शाळेत यावयास ४० वर्षे आणि मुली यावयास ३०० वर्षे लागतील, हा सरकारी अहवालातील अंदाज त्यांनी सभागृहापुढे ठेवला. त्यानंतर त्यांनी दोन रकमा शेजारी शेजारी मांडल्या. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीच्या रूपाने दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. दारूच्या करातून जनतेकडून जितके घेता तितके तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची माफक मागणी होती.

पुढचा मुद्दा गळतीचा होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा हेतू सांगितला. तिसरा मुद्दा फीचा होता. महाविद्यालये आणि शाळा यांच्या खर्चाचा मोठा वाटा फीमधून काढला जात होता. याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. शिक्षण खाते हे देवाणघेवाणीच्या तत्त्वावर चालवावयाचे खाते नव्हे, असे त्यांनी बजावले.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. पुढील वर्षी, मे १९२८ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला जे निवेदन सादर झाले, त्यात प्राथमिक शिक्षण स्थानिक शाळा मंडळांकडे सोपविणे थांबवावे अशी मागणी होती. गावगाड्याच्या हाती शाळा गेली तर अस्पृश्यांच्या मुलांचे काय होईल, हे बाबासाहेब जाणून होते. आज जिल्हा परिषदांची स्थिती त्या काळच्या मंडळांसारखी नाही, हे मान्य. तथापि राज्याने आपली जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये, हे त्यातले सूत्र कालबाह्य झालेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळा कंपन्यांना व दात्यांना 'दत्तक' देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा हे सूत्र आठवल्यावाचून राहिले नाही. दान हे दात्याचे पुण्य असेल. शिक्षण हा मुलाचा हक्क आहे.

मराठवाड्याचा वाटा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शासनाची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू; मराठी मुलाला स्वभाषेत शिकावयाच्या संधी तुटपुंज्या. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांहूनही कमी होती. मुंबई इलाख्यात जोतीरावांच्या निवेदनापासून जो सत्तर वर्षांचा झगडा झाला, त्याचा लाभ मराठवाड्याच्या वाट्याला आलाच नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे दुसरे महाविद्यालय १९५० मध्ये औरंगाबादेत काढले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू यांची नावे एका मागास प्रदेशातील विद्यालयाला देण्यात केवढे औचित्य होते, हे 'मिलिंदपञ्ह' वाचणाऱ्यास सांगावयास नको.

परंतु नागसेनवनापर्यंत पोहोचण्याचा रस्ता गावच्या शाळेतून जातो. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर वाड्यावस्त्यांपर्यंत ज्या शाळा पोहोचल्या, त्यांनीच या डोंगरपट्ट्यात पहिली शिकलेली पिढी घडविली. आज मराठवाड्यात शिक्षक, कारकून, परिचारिका, वकील, प्राध्यापक म्हणून काम करणाऱ्या बौद्ध, भटक्या-विमुक्त आणि अल्पभूधारक कुटुंबांतील स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेचाच शिक्का आहे. ती शाळा खर्चिक वाटत असेल तर तिने दिलेल्या उत्पन्नाचाही हिशेब मांडावा. महाविजिताच्या पुरोहिताने तो मांडला होता.

पटसंख्या कोणाचे माप?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पट कमी म्हणून शाळा नको, हा युक्तिवाद प्रथमदर्शनी व्यवहार्य वाटतो. बारा मुलांच्या शाळेपेक्षा दोनशे मुलांच्या शाळेत खेळ, ग्रंथालय, सोबती अधिक मिळतील, असेही म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्यांश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु बालाघाटाच्या पट्ट्यात पट का कमी होतो? मुले नाहीत म्हणून नव्हे, तर आईबाप उसाच्या फडावर गेले म्हणून. शिक्षकाची जागा रिकामी राहिल्याने ज्याला शक्य आहे तो आपले मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडतो म्हणून. म्हणजे राज्याच्या उणिवेमुळे पट घटतो आणि त्या घटलेल्या पटाचा पुरावा राज्यच शाळेविरुद्ध वापरते. शिवाय शाळा दूर गेली की सर्वांत आधी मुलगी घरी बसते. बालविवाहांच्या दृष्टीने राज्यातील चिंताजनक जिल्ह्यांत बीडची गणना होते. अशा जिल्ह्यात शाळेचे अंतर दोन-तीन किलोमीटरने वाढणे म्हणजे काय, हे कागदावरच्या नकाशावरून कळणार नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली ती ८२ मुले आज या वाटेवर गळतात.

उपाय अज्ञात नाहीत. पालक फडावर गेले तरी मुले गावीच आजी-आजोबांजवळ राहून शिकावीत, यासाठी बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहांची पद्धत चालत आली आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही २०२१ मध्ये जाहीर झाली. पहिला कोयता गावाबाहेर पडण्यापूर्वी वसतिगृहाचा पैसा गावात आला तर मूल थांबते. नंतर आला तर तो केवळ हिशेबापुरता उरतो.

आणि अबकारीचे काय? महाराष्ट्रात मद्यार्क मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून तयार होतो. मळी उसाची, ऊस तोडणारा हात बालाघाटातल्या आईबापाचा. त्या मद्यार्कावरील उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होते, आणि त्याच आईबापाच्या मुलाची शाळा परवडत नाही असे तिजोरी सांगते. १९२७ चे दोन आकडे आज एकाच घरात येऊन भेटले आहेत. बाबासाहेबांचा प्रश्न याहून अधिक स्पष्टपणे विचारता येणार नाही.

लोकप्रतिनिधींना निवेदन

संविधानाच्या कलम ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगितले होते. त्याचा मूलभूत हक्क होण्यास २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि २००९ चा अधिनियम यावा लागला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचविलेले राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांचे प्रमाण नंतरच्या प्रत्येक धोरणात लिहिले गेले, गाठले मात्र गेले नाही. तरीही निराश होण्याचे कारण नाही. शासनाचे निर्णय फिरतात, हाही इतिहासच आहे. शाळांच्या 'कायम विनाअनुदानित' या बिरुदातील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळावा लागला. कंत्राटी भरतीचा २०२३ चा शासन निर्णय सुमारे दीड महिन्यातच मागे घेण्यात आला. खाजगी शाळांना शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारी २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविली. लोकांनी विचारले म्हणून हे घडले.

तेव्हा विधानसभेच्या व विधान परिषदेच्या सभासदांना, विशेषतः मराठवाड्यातून निवडून गेलेल्यांना, आमचे नम्र परंतु ठाम सांगणे असे आहे. पहिले, केवळ पटसंख्येच्या निकषावर कोणतीही शाळा बंद करू नये व तेथील शिक्षकपद काढू नये. स्थलांतर, अंतर आणि मुलींची सुरक्षितता यांचा विचार बंधनकारक करावा. दुसरे, रिक्त पदे नियमित वेतनावरील शिक्षकांनी भरावीत. तिसरे, हंगामी वसतिगृहांची मंजुरी व निधी ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच गावात पोहोचवावा. चौथे, प्राथमिक शिक्षणाची तरतूद वर्षाच्या मध्यात कापता येणार नाही अशी तजवीज करावी. पाचवे, दर अर्थसंकल्पासोबत उत्पादन शुल्काची दरडोई वसुली आणि प्राथमिक शिक्षणावरील दरडोई खर्च हे दोन आकडे शेजारी छापावेत. यासाठी नवा कायदा नको, केवळ लाज शाबूत असली म्हणजे पुरे.

वाचकांनीही केवळ वाचून थांबू नये. प्रत्येक विहाराच्या उपासक-उपासिकांनी आपल्या गावच्या शाळेत जाऊन पट, रिक्त पदे आणि स्थलांतरित मुलांची संख्या लिहून घ्यावी, ती ग्रामसभेत नोंदवावी आणि आपल्या आमदाराच्या हाती द्यावी. उषवदाताने आपली नीवी निगमसभेत जाहीर केली होती, म्हणून दोन सहस्रकांनंतरही तिचा हिशेब आपल्याला तपासता येतो. नहपानाच्या जावयाने वीस भिक्षूंच्या चीवरासाठी जेवढी काळजी घेतली, तेवढी प्रजासत्ताकाने लिंबागणेशच्या पंचक्रोशीतील वीस मुलांसाठी घ्यावी. मुद्दलाला हात लावू नये.